जाड पायाचे अक्षर आणि देवनागरीची शिरोरेषा

मुद्रित अक्षरे सामान्यतः दोन कामांसाठी वापरली जातात. सलग मजकूर छापणे हे एक काम, आणि लांबून लक्ष वेधून घेणे हे दुसरे. पहिल्या कामातील अक्षर वाचकाच्या ध्यानातही येऊ नये अशीच अपेक्षा असते. दुसऱ्या कामातील अक्षराने मात्र रस्त्याने जाणाऱ्याला क्षणभर थांबवले पाहिजे. नाटकांची पत्रके, दुकानांच्या पाट्या, मालमोटारींच्या फळ्या यांवर जी दणकट, चौकोनी टोकांची रोमन अक्षरे दिसतात ती या दुसऱ्या कामासाठीच जन्माला आली. त्यांच्या प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाशी एक आडवी पट्टी असते. रोमन अक्षराच्या टोकावरील अशा आडव्या रेषेस ‘सेरिफ’ म्हणतात; ती उभ्या रेघेइतकीच किंवा जवळजवळ तितकीच जाड असली म्हणजे त्या अक्षरास ‘स्लॅब सेरिफ’ असे नाव आहे. मराठीत त्यास जाड पायाचे अक्षर म्हटल्याने अर्थ पुरेसा स्पष्ट होतो.

दिल्लीसारख्या शहरात हे अक्षर एकटे क्वचितच असते. तेथील रस्त्यांच्या नामफलकांवर हिंदी, इंग्रजी, पंजाबी व उर्दू अशा चार भाषा चार लिप्यांतून लिहिल्या जातात आणि दुकानांच्या पाट्यांवरही देवनागरी व रोमन शेजारी शेजारी बसतात. गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद, गुरुग्राम या भोवतालच्या शहरांत चार लिप्या नसल्या तरी या दोन लिप्यांचा शेजार आहेच. अशा ठिकाणी एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो : रोमन अक्षराने आपले पाय जाड करून जे वजन कमावले, ते ज्या लिपीला पायच नाहीत त्या देवनागरीने कोठून आणावे? प्रश्न वरवर पाहता केवळ सजावटीचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर देवनागरीचे वळण टिकते किंवा बिघडते.

जाहिरातीच्या गरजेतून

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये व्यापार वाढला, लॉटरीची तिकिटे, लिलाव, नाट्यप्रयोग यांच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या आणि पुस्तकाच्या नाजूक अक्षरांनी हे काम भागेना. ती मोठी करून छापली तरी त्यांच्या बारीक रेघा दुरून दिसत नाहीशा होत. व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्या कारागिराने १८१५ ते १८१७ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात जाड पायाची मोठी अक्षरे सादर केली व त्यांना ‘अँटिक’ असे नाव दिले. लवकरच या वर्गास ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. नेपोलियनच्या १७९८ मधील स्वारीनंतर इजिप्तविषयी युरोपात जी हौस पसरली होती तिचा हा परिणाम. अक्षरांच्या आकारात इजिप्तचे काहीही नाही. गंमत अशी की, हेच नाव विल्यम कॅसलन चौथा याने अगदी पायच नसलेल्या अक्षरांना लावले होते. नाव खपते आहे एवढे पाहून ते हाताशी असलेल्या मालावर चिकटवायचे, ही व्यापाऱ्याची रीत तेव्हाही आजच्याहून निराळी नव्हती.

लंडनच्या फॅन स्ट्रीटवरील फाउंड्री १८२० मध्ये विल्यम थॉरोगुड याने विकत घेतली, आणि तीही लॉटरीत मिळालेल्या पैशातून घेतली असे सांगतात. त्याच फाउंड्रीतून १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याच्या देखरेखीखाली ‘क्लॅरेंडन’ हे अक्षर बाहेर पडले. त्यात पायाची पट्टी उभ्या रेघेला काटकोनात न भेटता लहानशा कमानीने भेटते, त्यामुळे दणकटपणा राहूनही कर्कशपणा कमी होतो. बेस्लीने ते तीन वर्षांपुरते नोंदवून घेतले होते. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला बाजारात आणल्या. पुढे विसाव्या शतकात, १९२९ मध्ये ‘मेम्फिस’ व १९३४ मध्ये ‘रॉकवेल’ ही अक्षरे निघाली. पहिल्याच्या नावात इजिप्तची आठवण शिल्लक आहे.

या अक्षराला आज जे खडबडीत, जुनाट रूप चिकटले आहे ते मात्र लंडनच्या धातूमुळे नव्हे, तर अमेरिकेतील लाकडामुळे. शिशाचा मोठा खिळा जड होतो, महाग पडतो, आणि ओतल्यावर निवताना त्याचा पृष्ठभाग सपाट राहीलच असे नाही. न्यू यॉर्कमधील डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये लाकडी खिळे यंत्राने कोरण्यास आरंभ केला व पुढच्याच वर्षी त्यांची यादी प्रसिद्ध केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ याने या यंत्रास पँटोग्राफची जोड दिली, म्हणजे एका नमुन्यावरून लहानमोठ्या अनेक आकारांचे खिळे कोरता येऊ लागले. खिळ्यासाठी मेपलचे लाकूड आडवे कापून त्याच्या तंतूंची टोके वर येतील असे घेत. अशा लाकडात केसासारखी बारीक रेघ टिकत नाही. यंत्राच्या दाबाखाली ती तुटते. सर्व अंगांनी सारख्या जाडीचे, भक्कम पायाचे अक्षर मात्र वर्षानुवर्षे दाब सोसते. लाकूड आणि जाड पाय यांची जोडी अशी कामाच्या सोयीतून जमली.

पायाचा आणखी एक उपयोग असतो. जाड उभ्या रेघांमध्ये जी पांढरी जागा उरते तिला पाय खालून व वरून बंदिस्त करतात, आणि शब्द विस्कळीत न दिसता एका ओळीत उभा राहतो. थोडक्यात, रोमन लिपीत शब्दाला बांधून ठेवणारी सलग रेषा नसल्यामुळे ते काम हे सुटे पाय करतात.

देवनागरीचा पाया

देवनागरीत हे काम शिरोरेषा करते. शब्दातील सारी अक्षरे एका रेषेला टांगलेली असतात. ती जमिनीवर उभी नसतात. ही गोष्ट एकदा ध्यानी घेतली म्हणजे रोमनचे पाय देवनागरीला जसेच्या तसे जोडणे किती अडचणीचे आहे ते सहज दिसेल.

‘पाया’ हाच शब्द घ्यावा. त्यात प, काना, य, काना असे चार उभे दंड आहेत. प्रत्येक दंडाखाली जाड पट्टी दिली तर त्या पट्ट्या एकमेकींना भिडू पाहतात आणि शब्दाखाली जणू दुसरी शिरोरेषा तयार होते. वर एक आडवी रेषा, खाली दुसरी, मध्ये उभे दंड : शब्दाऐवजी खिडकीचे गज दिसू लागतात. पट्ट्या भिडू नयेत म्हणून अक्षरे लांब केली तर शब्द फाकतो. आता ‘पुढे’ हा शब्द पाहावा. येथे ‘प’च्या दंडाला खाली उकार लागतो, म्हणजे पाय काढून टाकणे भाग पडते, आणि ‘ढ’ला तर खाली टेकणारा दंडच नाही. ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ ही अक्षरे शिरोरेषेवरून उतरतात व खाली गोलाईने संपतात. तेव्हा एकाच शब्दात काही अक्षरे पायांवर उभी आणि काही अधांतरी, असा विजोड प्रकार होतो. रोमन मोठ्या अक्षरांत ओ आणि क्यू ही गोल अक्षरे सोडली तर बहुतेक सर्वांना पाय किंवा टोकाची पट्टी देता येते. तेथे अपवाद इतके थोडे आहेत की डोळा त्यांना सामावून घेतो.

जोडाक्षरांत ही अडचण आणखी वाढते. ‘त्या’मधील अर्धा ‘त’ आपला दंड गमावतो, त्याबरोबर पायही जातो. म्हणजे देवनागरीत पाय ही अक्षराची कायमची खूण होऊच शकत नाही; ती शेजाऱ्यावर अवलंबून राहते.

उंचीचा हिशेबही निराळा आहे. रोमन मोठी अक्षरे एकाच मजल्यावर राहतात. देवनागरीला तीन मजले लागतात : वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार; मध्ये मूळ अक्षर; खाली उकार आणि कित्येक जोडाक्षरांचे खालचे भाग. सारख्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर दोन्ही लिप्या कोरल्या तर रोमन अक्षर ठोकळा भरून टाकते आणि देवनागरीचे मूळ अक्षर त्या मानाने लहान राहते. लहान अक्षरात जाडी वाढवावी तर ‘झ’, ‘ख’, ‘क्ष’ यांच्या गाठी व पोकळ्या बुजतात. शिवाय सुटे खिळे शेजारी ठेवून शब्द जुळवला की शिरोरेषेत सांध्यांच्या जागी खाचा दिसतात. पुस्तकी आकारात ती खाच लपते. वीतभर अक्षरात ती लपत नाही.

भारतीय मुद्रणाच्या इतिहासात या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, यात नवल नाही. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे खिळे घडवले त्यांचा लौकिक देशभर पसरला. पण हा सारा उद्योग मुख्यतः पोथी, पुस्तक आणि पंचांग यांच्या अक्षरासाठी होता. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. मुद्रणाच्या अंगाने देवनागरीचा इतका विस्तृत विचार त्यापूर्वी झाला नव्हता. मोठ्या, ठसठशीत अक्षरांची उणीव मात्र खिळ्यांनी नव्हे, हाताने भरून काढली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली असतील त्यांना हे वेगळे सांगावयास नको. नाटकाचे नाव वाचण्यापूर्वीच त्याच्या अक्षरांवरून ते विनोदी आहे की गंभीर हे प्रेक्षकाला कळे. एका नाटकाचे अक्षर दुसऱ्याला चालत नसे, हेच त्या कलेचे मर्म होते.

दिल्लीचे पेंटर

दिल्लीतही हे काम हातानेच झाले. वायव्य दिल्लीतील संजय गांधी ट्रान्सपोर्टनगर ही मालमोटारींची मोठी पेठ आहे. देशातील अशा पेठांत गाडीचा सांगाडा, रंग आणि लेखन ही एकाच क्रमातील कामे असत. गाडीच्या मागच्या फळीवर इनॅमलच्या रंगात ‘हॉर्न प्लीज’ आणि मालकाच्या आवडीचे वचन येई. यांतील रोमन अक्षरे बहुधा जाड पायाची, दुरंगी आणि एका बाजूस सावली टाकणारी असत. लंडनमधील त्या नमुनापुस्तकाशी पेंटरचा संबंध येण्याचे कारण नव्हते; पण त्याच्या कुंचल्याने त्याला त्याच जागी आणून सोडले होते. सपाट कुंचल्याने ओढलेल्या रेघेचे टोक फाटके राहते. त्यावर एक आडवा फटकारा दिला की टोक सरळ होते. पाय हा येथे कारागिरीतला शेवटचा हात होता.

तोच पेंटर त्याच फळीवर देवनागरी लिहिताना मात्र सहसा पाय देत नाही. तो शिरोरेषा जाड करतो, दंड खाली सरळ किंवा किंचित तिरपा कापतो, गाठी मोकळ्या ठेवतो आणि उरलेले वजन सावलीकडून वसूल करतो. सावली उजवीकडे व खाली पडत असल्यामुळे प्रत्येक दंडाला आपोआप जाडी येते, आणि ‘ढ’सारख्या लोंबत्या अक्षरालाही तीच जाडी तितकीच मिळते. पाय निवडक अक्षरांना लागतो, सावली सर्वांना लागते. प्रस्तुत प्रश्नाचे याहून समर्पक उत्तर कोणा शिकलेल्या अभिकल्पकाने दिले असेल असे वाटत नाही.

हे उत्तर लिपीच्या स्वभावालाही धरून आहे. तिरप्या कापलेल्या बोरूने देवनागरी लिहिताना आडवी व उभी रेघ जवळपास सारख्या जाडीची उमटते. छापखान्यातील कित्येक खिळ्यांत शिरोरेषा दंडापेक्षा बारीक झाली ती मजकुराच्या सोयीने. तेव्हा पाटीवर शिरोरेषा जाड करणे म्हणजे परक्याचे अनुकरण नसून बोरूच्या जुन्या प्रमाणाकडे परतणे होय.

संगणकावर कापलेली चिकटअक्षरे आणि त्यानंतर फ्लेक्सचे छापील फलक आल्यावर या पेंटरांचे काम झपाट्याने आटले. पाटी काही तासांत व कमी पैशांत मिळू लागली. ती वर्षभरात फिकी पडली तर नवी लावणे परवडू लागले. महाराष्ट्रात तर २०१५ मध्ये परिवहन खात्याने मालमोटारींवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. त्या शब्दांमुळे चालक विनाकारण भोंगा वाजवतात, हे कारण देण्यात आले. कारण योग्यच होते. पण त्याबरोबर पेंटरच्या हातचे आणखी एक ठरलेले काम गेले.

हनीफ कुरेशी हे गुजरातेत जन्मलेले व दिल्लीत काम करणारे कलावंत. त्यांनी २०१०–११ च्या सुमारास ‘हँडपेंटेडटाइप’ हा उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या गावांच्या पेंटरांकडून अक्षरमाला रंगवून घ्यावी, तिचे संगणकीय फाँटमध्ये रूपांतर करावे, फाँटला त्या पेंटरचेच नाव द्यावे आणि विक्रीच्या उत्पन्नातला वाटा त्याला पोहोचवावा, अशी योजना होती. काही फाँट थरांनी रचलेले आहेत : मूळ अक्षर एका थरात, सावली दुसऱ्यात, किनार तिसऱ्यात, थर एकावर एक ठेवले की पेंटरची रंगसंगती पुन्हा जुळते. कारागिराचे नाव अक्षराला देणे ही गोष्ट आपल्याकडे विरळा. निर्णयसागरचे खिळे सर्वांना ठाऊक, आरूंचे नाव किती जणांना ठाऊक असते? कुरेशी यांचे सप्टेंबर २०२४ मध्ये अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी निधन झाले.

या उपक्रमाचे मोल मानूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. पेंटर अक्षरमाला लिहीत नाही, शब्द लिहितो. फळी किती रुंद आहे, शब्द कोठे तुटतो, मालकाचे नाव किती लांब आहे हे पाहून तो खडूच्या दोरीने रेषा मारतो व अक्षरे त्यात बसवतो. एकाच शब्दातले दोन ‘र’ त्याच्याकडून वेगळे निघू शकतात. रोमन लिपीत सव्वीस मोठी अक्षरे आणि दहा अंक मिळाले की पाटीचे काम बरेचसे चालते. देवनागरीत स्वर, व्यंजने, अर्धी रूपे, जोडाक्षरे, निरनिराळ्या रुंदीच्या अक्षरांवर बसणाऱ्या वेलांट्या मिळून कित्येकशे आकार लागतात, आणि ते सारे कोणा पेंटरकडून रंगवून घेणे म्हणजे त्याला महिनोन्‌महिने बसवून ठेवणे. परिणामी, हातची रोमन अक्षरे जतन होणे सोपे आणि हातची देवनागरी जतन होणे कठीण, अशी स्थिती आहे. ज्या लिपीत पेंटरने अधिक स्वतंत्र विचार केला तीच मागे पडण्याचा हा धोका आहे.

यंत्राची अडचण आता पूर्वीइतकी उरलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात वेलांटीची एकदोन मापे असत. आजचा फाँट पुढील अक्षराची रुंदी पाहून योग्य वेलांटी स्वतः निवडू शकतो, आणि शिरोरेषेत खाच राहत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाच्या ‘मोदक’ या फाँटमध्ये सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी देवनागरीची जाडी इतक्या टोकाला नेली आहे की अक्षरांतील पोकळ्या केवळ चिरा बनून राहतात. तरीही शब्द वाचता येतो, आणि कोठेही उसना पाय जोडलेला नाही. जाडी पेलण्याची देवनागरीची शक्ती नेहमी समजली जाते त्याहून पुष्कळ अधिक आहे, याचा हा पुरावा म्हणावा लागेल.

झीज आणि तिची नक्कल

जुन्या लाकडी खिळ्यांवरून छापलेल्या पत्रकात जो खरखरीतपणा दिसतो त्याची कारणे साधी आहेत. खिळ्याची ठरलेली उंची ०.९१८ इंच. वापराने लाकूड झिजले, त्याला खाच पडली वा ते फुगले की काही भागाला शाई कमी लागे. छापणारा खाली कागदाचे तुकडे सरकवून उंची सांभाळी, तरीही डाग राहत. मात्र प्रत्येक खिळा स्वतंत्रपणे झिजे. शब्दात दोन ‘ई’ असले तर त्यांचे ओरखडे दोन निरनिराळ्या जागी असत.

आज ‘जुनाट’ म्हणून जे जाड पायाचे फाँट विकले जातात त्यांत ओरखडा आकारातच कोरलेला असतो. एकच अक्षर दोनदा आले की तोच ओरखडा त्याच जागी दोनदा उमटतो आणि बनाव उघडा पडतो. काळजीपूर्वक केलेल्या फाँटांत म्हणून एका अक्षराची दोन-तीन रूपे ठेवून ती आळीपाळीने येतील अशी व्यवस्था केलेली असते. देवनागरीत ही गोष्ट अधिक अवघड होते, कारण काना वारंवार येतो. ‘महाराष्ट्राचा’ या एका शब्दात तो चार वेळा आला आहे. चारही कान्यांना एकाच उंचीवर एकसारखी खाच दिसली तर ती झीज न वाटता नक्षी वाटेल. काना, अनुस्वार आणि वेलांट्या यांची चार-पाच रूपे दिल्यावाचून देवनागरीत खडबडीत अक्षर खरे दिसणार नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा उरतो. हिंदीच्या अंगाने काढलेल्या फाँटांत ‘ल’ उजवीकडे दंड असलेला असतो. मराठी वळणाच्या ‘ल’ला असा दंड नाही, तो शिरोरेषेच्या मध्यातून उतरून दोन्ही बाजूंना वळणे घेतो. ‘श’चेही दोन्ही भाषांतले वळण वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना या दोन अक्षरांची मराठी रूपे निश्चित केली. फाँटमध्ये दोन्ही रूपे ठेवून भाषेनुसार योग्य ते आणण्याची सोय आता उपलब्ध आहे, पण ती प्रत्येक फाँटमध्ये केलेली असतेच असे नाही. विशेषतः पाटीच्या फाँटांत ती वगळली जाते. ‘दिल्ली’ हाच शब्द मोठ्या, जाड अक्षरात मांडून पाहावा. हिंदी वळणात दुसऱ्या ‘ल’चा दंड आणि दीर्घ वेलांटीचा दंड शेजारी शेजारी उभे राहतात, आणि पायांचा हौशी अभिकल्पक त्या दोहोंखाली पट्ट्या देऊन मोकळा होतो. मराठी वळणात त्या ‘ल’खाली पट्टी द्यावयास जागाच नसते, तेथे सारे वजन शिरोरेषेला आणि दोन वळणांच्या जाडीलाच पेलावे लागते.